हौशी फुटबॉल संघाचा अवघड हंगाम

 आज आपण फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात फुटबॉल कशाला, असं कुणी विचारेल. गावातला खेळाचा संघ मोडला की त्याची झळ आधी घराला लागते, म्हणून. संध्याकाळी दोन तास मैदानात घाम गाळणारं पोरगं टपरीवर उभं राहायला लागतं. नुकतीच मैदानावर जायला लागलेली पोरगी परत घरात बसते, आणि मग तिला पुन्हा बाहेर काढणं आधीपेक्षा अवघड होऊन बसतं. म्हणून छोट्या संघाचा एखादा हंगाम वाईट का जातो आणि त्यातून तो सावरतो कसा, हे आपल्याला माहीत असायला हवं.

आधी शब्द समजून घेऊ. ‘हौशी’ संघ म्हणजे ज्यात कुणालाच पगार नाही. खेळणारा आपल्या खिशातून बूट घेतो, शिकवणारा आपलं काम सांभाळून येतो, आणि चेंडू फाटला की वर्गणी निघते. व्यावसायिक संघाला मालक असतो, जाहिरातदार असतो. हौशी संघाला गाव असतं. गावाचं लक्ष असेल तोवर तो टिकतो.

आता हंगाम म्हणजे काय? तुरीला जसा पेरणीपासून राशीपर्यंत हंगाम असतो, तसा फुटबॉललाही असतो. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पावसाळा सरल्यावर खेळ सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. एक बाद पद्धतीची, म्हणजे एकदा हरलं की घरी. दुसरी साखळी पद्धतीची, तिला लीग म्हणतात. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर शून्य. शेवटी गुणांची बेरीज होते. गुण सारखे झाले तर बहुतेक ठिकाणी गोलफरक बघतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे.

अवघड हंगाम खऱ्या अर्थाने लीगमध्येच कळतो. बाद स्पर्धेत हरलेला संघ एका दिवसात मोकळा होतो. लीगमध्ये मात्र पाच सामने हरलेल्या संघाला सहाव्या सामन्याला बूट बांधून उभं राहावंच लागतं. आणि तेही लोक हसत असताना.

आपल्या राज्यात हौशी फुटबॉलचं माहेर म्हणावं असं गाव म्हणजे कोल्हापूर. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, तिथली लीग भरवते आणि सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

कोल्हापुरातले हे संघ इतकी वर्षं टिकले, त्यामागचं एक कारण ध्यानात घेण्यासारखं आहे. तिथं फुटबॉल संघ एकटा उभा नसतो. तो तालमीचा असतो. जी माणसं गणपती बसवतात, अडीनडीला धावून जातात, तीच संघाच्या पाठीशी असतात. म्हणून एक हंगाम पडला तरी तालीम बंद पडत नाही, आणि तालीम आहे तोवर संघ पुन्हा उभा राहतो. याची दुसरी बाजूही आहे. पेठेची ईर्ष्या कधी कधी हाताबाहेर जाते, प्रेक्षकांत हाणामारी होते, सामने थांबवावे लागतात. गावाचं प्रेम संघाला जगवतं, पण तेच प्रेम आंधळं झालं तर खेळही बंद पाडतं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायच्या.

आता आपल्याकडे येऊ. दुधनीसारख्या बाजारपेठेच्या गावात संघाला पहिली अडचण येते ती माणसांची. फुटबॉलला एका बाजूला ११ खेळाडू लागतात. नियमाप्रमाणे ७ पेक्षा कमी असतील तर सामना सुरूच होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला मैदानावर २५ पोरं दिसतात. मग काय होतं? डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास सुरू होते. आडत बाजारात माल यायला लागतो, हमालीला हात लागतात, काही पोरं तिकडे जातात. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीपासूनच गावात नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीची परीक्षा. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला सोलापूरला जातो, कुणी कामाला पुण्याला. म्हणजे लीगचे शेवटचे, महत्त्वाचे सामने नेमके गावाच्या कामाच्या दिवसांत येतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी संघ म्हणतो, “अचानक पोरं कमी पडली.” अचानक काहीच नसतं. सुगी कधी येते हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

माणसं कमी पडणं ही फक्त छोट्या संघाची गोष्ट नाही. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई स्पर्धा, म्हणजे आशिया चषक, आपल्या महाराष्ट्रातच झाली. भारताच्या मुलींनी २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. पण संघात करोनाची लागण झाली. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू हजर हवे होते आणि तेवढ्या मुली उरल्या नाहीत. सामना झाला नाही, भारताने माघार घेतल्याचं धरलं गेलं आणि आपल्याच अंगणात भरलेल्या स्पर्धेतून आपल्या मुली बाहेर पडल्या. तयारी होती, मैदान होतं, पैसा होता. माणसं कमी पडली. तिथं हे होऊ शकतं, तर आपल्या गावात का नाही होणार?

यावर उपाय साधा आहे, पण तो हंगामाआधी करावा लागतो. वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे लिहायचं, कोणत्या महिन्यात तो येऊ शकणार नाही. परीक्षेची मुलं वेगळी, शेतीची वेगळी, भरतीची वेगळी. मग मार्चमध्ये हाती किती उरतात ते दिसतं. १४ उरत असतील तर आत्ताच चार-पाच नवीन मुलं घ्यायची आणि त्यांना सुरुवातीपासून खेळवायचं. नुसतं बाकावर बसवलेलं पोरगं जानेवारीपर्यंत थांबत नाही.

दुसरी अडचण पैशांची. इथं आपल्या बचत गटाचा अनुभव उपयोगी पडतो. एक उदाहरण मांडू. समजा २० मुलं आहेत आणि प्रत्येकाची महिन्याची वर्गणी ३० रुपये. सहा महिन्यांचे होतात ३,६०० रुपये. आता खर्च. बाहेरगावी चार वेळा जायचं, गाडीभाडं दर खेपेला १,५०० धरलं तर ६,००० रुपये. दोन चेंडू ९०० प्रमाणे १,८००. स्पर्धेची प्रवेश फी १,००० धरू. एकूण ८,८००. म्हणजे ५,२०० रुपये कमी पडतात. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, गणित हेच राहील.

हा खड्डा जूनमध्ये दिसला तर काही करता येतं. एखाद्या आडत दुकानदाराकडे जाता येतं, एखादी खेप रेल्वेने करता येते, एखाद्या स्पर्धेत नाव न घालण्याचं ठरवता येतं. आपलं गाव सोलापूर-वाडी लोहमार्गावर आहे, तेव्हा सोलापूरच्या सामन्याला गाडीच करावी लागते असं नाही. पण तोच खड्डा जानेवारीत, सामन्याच्या आदल्या रात्री दिसला तर गाडी ठरत नाही, संघ जात नाही आणि समोरच्याला न खेळता विजय मिळतो. बहुतेक स्पर्धांत तो ३-० असा लिहितात. मग गाव म्हणतं, “पोरं घाबरली.” पोरं घाबरलेली नसतात, हिशेब झालेला नसतो.

बचत गटात आपण काय करतो? वही असते, दर बैठकीत जमा-खर्च वाचून दाखवतात, बँकेतून पैसे काढायला एकटीची सही चालत नाही. संघालाही हेच लागतं. गोल खाल्ल्याने जितके संघ मोडत नाहीत, तितके “वर्गणीचं काय झालं?” या एका प्रश्नाने मोडतात. तेव्हा गावातल्या संघाची वही सांभाळायला एखादी बाई पुढे आली तर कुणी हसू नये. वीस वर्षं गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या कितीतरी अक्का हे काम डोळे झाकून करतील.

तिसरी अडचण मैदानाची आणि शरीराची. मोठ्यांच्या फुटबॉल मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर असते. एवढी मोकळी सपाट जागा गावात मिळणं अवघड, आणि मिळाली तरी तिथं कधी लग्नाचा मांडव असतो, कधी जनावरं, कधी वाळत घातलेलं धान्य. आपली जमीन काळी. पावसात पाय रुतेल इतका चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. त्यात पाय मुरगळतोच.

पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळायचं नाही. पहिले दोन दिवस विश्रांती, फडक्यात बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी, हलकं बांधणं आणि पाय उशीवर उंच ठेवणं. पाय टेकवताच येत नसेल किंवा हाडावर दाबून फार दुखत असेल तर डॉक्टरकडे जायचं. डोक्याला मार लागला, चक्कर आली, उलटी झाली किंवा पोर भलतंच बोलायला लागलं तर त्या दिवशी परत मैदानात उतरवायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं.

सोलापूर जिल्ह्याचं ऊन आपल्याला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच. मैदानावर पाण्याची कळशी हवी. घरचं मीठ-साखरेचं पाणीही चालतं. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

चौथी अडचण सगळ्यांत नाजूक. हरण्याची. पहिला सामना हरला, दुसरा हरला, तिसऱ्यात सहा गोल खाल्ले. मग गोलीला शिव्या बसतात. गोली घरी येऊन जेवत नाही. दुसऱ्या दिवशी तो सरावाला जात नाही, त्याच्यामागून त्याचे दोन मित्र जात नाहीत. संघ असा विरतो, धागा धागा.

आंतरराष्ट्रीय सामन्यांतल्या सर्वांत मोठ्या हरण्याचा दाखला देतो. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआ नावाचा छोटा बेटांचा समूह आहे. तिथला संघ सगळा हौशी. एप्रिल २००१ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. पासपोर्टच्या नियमामुळे त्यांच्या ठरलेल्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू बाद झाले. त्याखालच्या वयाची मुलं शाळेच्या परीक्षेत अडकलेली. शेवटी कोवळी पोरं घेऊन त्यांनी संघ उभा केला. निकाल लागला ३१-०. आंतरराष्ट्रीय सामन्यांतला तो विक्रम झाला आणि सगळं जग त्यांना हसलं. त्या दिवशी गोलमध्ये उभा होता निकी सालापू.

बघा, त्यांच्या अडचणीही आपल्यासारख्याच होत्या. कागदपत्रं, परीक्षा आणि कमी पडलेली माणसं.

पुढची दहा वर्षं तो संघ हरतच राहिला. २०११ मध्ये थॉमस रोंगेन नावाचे प्रशिक्षक आले. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला विश्वचषकाच्याच पात्रता फेरीत अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असं हरवलं. फिफाच्या स्पर्धेतला त्यांचा तो पहिला विजय. गोलमध्ये तेव्हाही निकी सालापूच होता. ३१ गोल खाल्लेल्या माणसाला त्याच्या लोकांनी हाकलून दिलं असतं, तर हा दिवस त्याला दिसला नसता.

म्हणून हरणाऱ्या संघाला “जिंका” असं सांगून उपयोग नाही. त्याला जमेल असं काही सांगावं लागतं. मागच्या वेळी सहा गोल झाले, या वेळी तीनच होऊ द्यायचे. पहिली वीस मिनिटं एकही गोल होऊ द्यायचा नाही. एक तरी गोल करायचा. गोलफरक मोजला जातो, म्हणजे हरतानाही वाचवलेला प्रत्येक गोल हिशेबात येतो, हे मुलांना समजावून सांगा. आणि घरी आल्यावर “किती गोल खाल्ले?” या प्रश्नाआधी “जेवलास का?” विचारा. तेवढं पुरतं.

आता मुलींबद्दल. वाईट हंगामात संघातून सर्वांत आधी मुली गळतात. पैसे कमी पडले की मुलींचा सामना रद्द होतो. मैदान अपुरं पडलं की मुलींची वेळ जाते. घरात काही कमी पडलं की पहिल्यांदा कुणाचं ताट हलकं होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे.

इंग्लंडमध्येही हेच झालं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन शहरातल्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींनी ‘डिक, कर लेडीज’ नावाचा संघ काढला. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्या सामने खेळत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवलं आणि आपल्या सभासद क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. संघ मात्र मिळेल त्या मैदानावर १९६५ पर्यंत खेळत राहिला.

आपल्या देशातल्या मुलींचा रस्ताही सोपा नव्हता. १९८३ साली आशियाई स्पर्धेत आपल्या मुली दुसऱ्या आल्या होत्या. त्यानंतर बरीच वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. २०२२ ला घरच्या मैदानावरून तसं परतावं लागलं. आणि ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून भारतीय मुलींनी २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. साडेतीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाने सगळ्या खचून गेल्या असत्या, तर हे झालं नसतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट आणला, तो तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. तो नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला आहे. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देऊन बारसे सरांनी जे काम उभं केलं, तिथंही सुरुवातीला मैदान नव्हतं, पैसा नव्हता. वेळ देणारं एक माणूस होतं.

मुलींसाठी काय लागतं, ते आपणच सांगू शकतो. सरावाची वेळ अशी की अंधाराआधी घरी येता येईल. सोबत गावातल्या दोन बायका, आळीपाळीने. कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छतागृह. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. खेळल्याने अपाय होत नाही, पण फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. चड्डी घालायची की ट्रॅक पँट, हा वाद घालत हंगाम घालवू नका. तिला पळता येईल ते घालू द्या.

शेवटी एक काम सांगतो, जे बहुतेक संघ करत नाहीत. हंगाम संपल्यावर एक बैठक घ्या. वाईट हंगामानंतर तर नक्कीच. मुलं, मुली, शिकवणारे, आया, सगळे बसा. वहीतला हिशेब मोठ्याने वाचा. मग चार प्रश्न विचारा. माणसं कोणत्या महिन्यात कमी पडली? पैसे कधी संपले? कुणाला काय लागलं, आणि तेव्हा काय केलं? संघ सोडून कोण गेलं, आणि त्याच्या किंवा तिच्या घरी जाऊन कुणी विचारलं का?

हा चौथा प्रश्न चुकवू नका. सोडून गेलेल्या पोराच्या दारात संघातलं कुणी गेलं, तर निम्मी पोरं परत येतील असं आम्हाला वाटतं. मुलींच्या बाबतीत तर आईशी बोलायला दुसरी आईच लागते. कन्नड बोलणाऱ्या घरात कन्नडमध्ये बोला, मराठी घरात मराठीत. दुधनीत आपल्याला दोन्ही येतं.

पाऊस सुरू झाला की मैदानावर चिखल होईल आणि खेळ थांबेल. तेच दिवस वही काढायचे. तुमच्या गावात संघ असेल तर या आठवड्यात एकदा मैदानावर जाऊन या, किती मुलं येतात ते मोजा, आणि त्यात मुली किती आहेत तेही बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण त्यावर बोलू.